फौजदाराच्या पायांत चपला

गणपती उठायच्या आदल्या रात्री डेन्मार्कहून नातवाचा फोन आला. खुशाली झाली, हवापाणी झाले, आणि मग त्याने अगदी गंभीर आवाजात विचारले, "आजोबा, सोंग कसं घेतात हो?"

सत्तरी गाठलेल्या मास्तराला नातू काय विचारतो? गुडघे कसे आहेत, गोळ्या वेळेवर घेता का. हा प्रश्न मात्र माझ्या यादीत नव्हता. मी म्हटले, "बाबा रे, शिकायला गेलास की तमाशात भरती झालास?"

मग त्याने सारे उलगडून सांगितले. तिकडे एक खेळ फार रुजला आहे. पाचपन्नास माणसे, त्यांत कोणी परिचारिका, कोणी इंजिनिअर, कोणी विद्यार्थी, एखाद्या रानात नाही तर जुन्या गढीत जमतात. प्रत्येकाला एकेक पात्र मिळते आणि दोन-तीन दिवस त्या पात्रानेच जगायचे असते. जेवायचे त्याने, भांडायचे त्याने, रुसायचेही त्यानेच. रंगमंच नाही, पाठ केलेली भाषणे नाहीत आणि निव्वळ प्रेक्षक म्हणून कोणीच नाही; जो बघतो तोही खेळतोच. 'लाइव्ह अॅक्शन रोलप्ले' असे त्याचे लांबलचक नाव. आमच्या चिरंजिवांच्या चिरंजिवांना त्यात गावच्या जकात अधिकाऱ्याचे पात्र मिळाले होते.

"डगला शिवला, टोपी मिळवली, दाढीसुद्धा वाढवली," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "पण तो माणूस काही केल्या अंगात येत नाही!"

मला हसू आले आणि हसता हसता थोडे लाजल्यासारखेही झाले. कारण हाच प्रश्न मी १९८२ साली भिंगारच्या वेशीबाहेर एका पालापुढे बसून एका माणसाला विचारला होता. त्याने मला उत्तर दिले, मी ते निम्मेच ऐकले, आणि त्या निम्म्या विद्येने एका घरात काय अनर्थ केला तो आजही विसरता येत नाही. फोनवर नातवाला जे तुटक तुटक सांगितले तेच, वाचकहो, आज सविस्तर सांगतो.

आमचे भिंगार म्हणजे नगरचा भुईकोट किल्ला मागे टाकून पाथर्डीच्या रस्त्याला लागले की येणारे गाव. एका अंगाला जुनी वस्ती, दुसऱ्या अंगाला लष्कराची छावणी. १९४८ पासून नगरला रणगाडा दलाचे केंद्र आणि प्रशाला आहे. त्यामुळे आमच्याकडच्या पोरांना अक्षरओळख होण्याआधी गणवेशाची ओळख होते. दंडावरच्या फिती मोजून समोरचा कोण आहे ते सांगणारी सात वर्षांची पोरे माझ्या वर्गात होती. धोब्याच्या दोरीवर गणवेश, सायकलीवर गणवेश, वाण्याच्या दुकानात गणवेश! अशा गावात खोटा गणवेश घालून हिंडायचे म्हणजे सोनारापुढे पितळ मिरवायचे.

आणि तरीही दर साल, सुगी झाली की, आमच्या दारात एक खोटा फौजदार उभा राही.

खाकी सदरा, खाकी विजार, कमरेला पट्टा, बगलेत दंडुका, कानावर पेन्सिल आणि हातात कोणे काळी लाल असलेली एक वही. अंगणात पाऊल टाकताच तो वही उघडी, पेन्सिलीचे टोक जिभेला लावी आणि खणखणीत आवाजात गुन्हे वाचू लागे. आमच्या मांजरीने शेजारच्या हद्दीतले दूध प्याले. आमच्या कोंबड्याने सरकारच्या परवानगीवाचून पहाट केली. आजीने जात्यावर बसून दोन बायकांची निंदा एकाच ओवीत केली! जामीन, अर्धी पायली ज्वारी.

माझे वडील मोठे करडे गृहस्थ. त्यांना हसताना पाहिल्याचे मला फारसे आठवत नाही. पण फौजदार आला की ते बंडीच्या गुंड्या लावून बाहेर येत, हात जोडून उभे राहत आणि म्हणत, "साहेब, कोंबडा अज्ञान आहे, या खेपेला सोडा." आम्ही पोरे गडबडा लोळत असू. वडील मात्र जामीन मापून होईपर्यंत आरोपीच्या चेहऱ्याने उभे असत.

हा फौजदार म्हणजे बहुरूपी. रायरंद असेही या लोकांना म्हणतात. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत बहुरूपी हे नाव आहे. आज फौजदार, उद्या डॉक्टर, परवा शंकर, तेरवा दिवस गेलेली बाई! हा व्यवसाय किती जुना म्हणाल? नेवासे आमच्यापासून साठेक किलोमीटरवर. तिथे शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० साली, ज्ञानेश्वरी पुरी झाली. तिच्या तिसऱ्या अध्यायात बहुरूप्यांच्या राजाराणीचा दृष्टांत आहे. त्या दोघांच्या मनात स्त्रीपुरुषपणाचा भाव नसतो, पण लोकांपुढे ते आपले सोंग तंतोतंत वठवतात. ज्ञात्याने कर्म तसे करावे, असा त्याचा मथितार्थ. सातशे वर्षांपूर्वी ज्यांचा दाखला देताच श्रोत्यांना गोष्ट कळावी, इतके हे लोक तेव्हा घरोघरचे होते. शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक हेही वेष पालटण्यात निष्णात होते असे लोकपरंपरा सांगते.

मी शिक्षक झालो तेव्हा आमचा फौजदार पन्नाशीला आला होता. सारे भिंगार त्याला फौजदारच म्हणे. मला त्या दिवसांत नाटकाचे वेड होते. मॉस्कोचे ते स्तानिस्लावस्की, ज्यांनी १८९८ साली आपली नाट्यसंस्था काढली आणि नटाने भूमिकेत शिरावे कसे याचाच जन्मभर ध्यास घेतला, त्यांच्याविषयी मी वाचनालयात बसून वाचले होते. 'मी या माणसाच्या जागी असतो तर?' हा प्रश्न नटाने स्वतःला विचारावा, असे त्यांचे सांगणे. ते वाचून मी थेट फौजदाराच्या पालावर गेलो आणि म्हटले, "मला शिकवा."

तो बायकोकडे पाहून म्हणाला, "गुरुजी आलंय शिकाया. च्या टाक."

पहिला धडा डोळ्यांचा. त्याने मला तीन दिवस बाजारात एका खऱ्या हवालदाराच्या मागे बसवले. संध्याकाळी परीक्षा. मी टोपीचे, पट्ट्याचे, मिशीचे वर्णन केले. तो म्हणाला, "ते समद्यांना दिसतंय. ह्यो मानूस वजन कंच्या पायावर टाकतो?" मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी पाहिले, हवालदार टाचांवर रेलून उभा राहत होता आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होता. मी तसा उभा राहून पाहिले. आश्चर्य असे की, तसे उभे राहताच आवाज आपोआप जाड झाला!

दुसरा धडा त्या माणसाच्या घराचा. "आज सकाळी ह्यानं काय खाल्लं? बायकू काय बोलली? पोरी किती?" फौजदाराच्या फौजदाराला तीन मुली होत्या, दाढदुखी होती आणि चांद्याकडे बदली होण्याची धास्ती होती. यातले एक अक्षर तो कोणाच्या दारात बोलत नसे. "बोलायचं न्हाई. पण ठावं पाहिजे. ठावं नसलं की मानूस नुसता वरडतो."

तिसरा धडा एका सवयीचा. दहा लकबी कराल तर माकड दिसाल; एकच करा आणि ती कामाची असू द्या. त्याची लकब म्हणजे पेन्सिल जिभेला लावणे. तेवढ्या दोन पळांत तो घर वाचून घेई. आत कोणी आजारी आहे का, चूल पेटली आहे का, म्हातारीचा चेहरा हसरा आहे की नाही. सुतक असलेल्या, भांडण चाललेल्या घराला तो नुसता रामराम करून पुढे जाई.

आणि चौथा धडा सोंग उतरवण्याचा. गावाबाहेरच्या ओढ्यावर तो तोंड धुई, टोपी काढून पिशवीत घाली आणि मगच पालाकडे जाई. एकदा घाईत तसाच गेला आणि पोराने भाकरी सांडली म्हणून फौजदाराच्या आवाजात ओरडला. पोरगे इतके भ्याले की दोन दिवस जवळ येईना. "तवापास्नं फौजदाराला वड्याच्या अलीकडंच ठिवतो," तो म्हणाला. मग आलमगीर दर्ग्याच्या दिशेला हात करून त्याने पुस्ती जोडली, "बादशाचं सोंगबी हितंच उतरलं की!" १७०७ साली औरंगजेब याच भिंगारमध्ये मेला, हे त्याला माझ्याइतकेच ठाऊक होते.

रंगभूमीवरचा नट आणि हा माणूस यांतला फरक मला तेव्हा कळू लागला. आमच्या नगरात १९५० साली जन्मलेल्या सदाशिव अमरापूरकरांनी पुढे 'सडक' या १९९१ च्या चित्रपटात महाराणीचे भयंकर पात्र उभे केले आणि खलनायकासाठीचे पहिलेच फिल्मफेअर पारितोषिक मिळवले. मोठा नट. पण नटाला पुढचे वाक्य माहीत असते, चित्रपटात चुकले तर पुन्हा घेता येते. बहुरूप्याला समोरचा काय बोलेल ते ठाऊक नसते, आणि चुकले तर पुन्हा घ्यायला दुसरे दार नसते.

माघ महिना होता. एका रविवारी मी त्याच्याबरोबर फेरीला निघालो. त्याने बजावले, "माझ्या मागं ऱ्हावा." पण माझ्या अंगात विद्या मावत नव्हती. मी खाकी कपडे परीटघडीचे केले होते. एक गोष्ट मात्र मला आपल्या गुरूची फार दिवस खटकत होती. एवढा रुबाबदार वेष, आणि पायांत ठिगळ लावलेल्या, झिजलेल्या चपला! बिचाऱ्याला बूट परवडत नसतील, असे मी मनाशी म्हटले होते. म्हणून मी शेजारच्या निवृत्त दफेदारांचे बूट मागून आणले आणि तोंड दिसेल इतके चमकवले. फौजदाराने ते पाहिले. काहीतरी बोलणार होता, पण गुरुजींना पोरांदेखत कसे बोलावे म्हणून गप्प राहिला असावा.

दोन घरे झकास झाली. तिसऱ्या घरी मी पुढे झालो. भाडेकरी नवीन होते. मी त्यांना ओळखत नव्हतो आणि तेही मला ओळखत नव्हते. दार एका पंचविशीच्या बाईने उघडले. कडेवर मूल. मी टाचांवर रेललो, तिच्या डोक्यावरून भिंतीकडे पाहिले, वही उघडली, पेन्सिल जिभेला लावली. घर वाचायचे ते मात्र विसरलो.

"ट्रकवाल्याचं घर हेच का?" मी जाड आवाजात विचारले. ट्रकने सरकारी वाऱ्याला धडक दिली, असा काहीतरी विनोदी गुन्हा मी योजला होता.

बाईने माझ्या बुटांकडे पाहिले. तिचा चेहरा मातीसारखा झाला. दाराची चौकट धरून ती खाली बसली आणि म्हणाली, "कुठं झालं हो? जित्ते हायेत का?"

तिचा नवरा दोन दिवसांपूर्वी यायचा होता तो आला नव्हता.

वाचकहो, त्या क्षणी मी 'अहो, हे सोंग आहे' एवढे चार शब्द बोलायला हवे होते. पण माझी जीभ टाळूला चिकटली. मी तसाच टाचांवर रेलून उभा! ज्या माणसाला अंगात आणण्यासाठी महिनाभर खपलो होतो तो आता जाता जाईना.

फौजदार मागून धावत आला. त्याने मला बाजूला सारले, आपली टोपी काढून तिच्या पोराच्या डोक्यावर ठेवली आणि ठिगळाची चप्पल तिला दिसेल असा पाय पुढे करून म्हणाला, "माय, हे बघ, ह्या पायाला बघ. आमी पोटाचे फौजदार. कुनाला कायबी झालेलं न्हाई. खोटं हाय समदं." बाईने पाहिले, कळले, आणि मग तिने जो तोंडाचा पट्टा सोडला तो आम्ही दोघांनी खाली मान घालून ऐकला. सारे ऐकून होईपर्यंत तो तिथून हलला नाही. तिची शेजारीण दाणे घेऊन आली, तर त्याने झोळी मागे घेतली.

नवरा संध्याकाळी सुखरूप आला. टायर फुटून वाटेत अडकला होता. पण त्या बाईचे मधले तास मी वाढवले होते, आणि ते मला कोणत्याही जामिनाने भरून देता आले नाहीत.

ओढ्यावर तोंड धुताना तो म्हणाला, "गुरुजी, तुमचा फौजदार लई चांगला झाला. म्हनूनच बाई रडली."

मी म्हटले, "म्हणजे?"

"मानसं दारातनं आधी टोपी बघत्यात, मग पाय. टोपी बघून दचकत्यात, पाय बघून हासत्यात. त्या दोन्हींच्या मदी एक पळ जातो ना, त्येच्यावर आमचं पोट. तुमी तर पायबी झाकलं. बाईला हासायला जागाच ठिवली न्हाई."

म्हणजे ती चप्पल दारिद्र्याची नव्हती. ती मुद्दाम ठेवलेली खोट होती. घरच्यांना हळूच सांगणारी, की बाबांनो, हा खेळ आहे. खेळायचे असेल तर या. आमच्या वडिलांनी आधी पाय पाहिले होते, म्हणून ते हात जोडून उभे राहू शकत होते. सोंगाचे निम्मे काम तेच करीत होते!

योगायोग पाहा. त्याच १९८२ साली इंग्लंडात चेशायर परगण्यातल्या पेकफर्टन किल्ल्यात काही तरुणांनी 'ट्रेझर ट्रॅप' नावाचा असाच अंगाने खेळायचा खेळ सुरू केला. पुढे हा प्रकार युरोपभर वाढला. डेन्मार्कमध्ये होब्रो गावी २००६ साली मुलांना सारे विषय अशा सोंगांतून शिकवणारी निवासी शाळाच निघाली. नातू सांगत होता की त्यांच्या खेळात एक शब्द आधीच ठरलेला असतो. कोणी खरोखर घाबरला, दुखावला, की तो शब्द उच्चारायचा. राजा असो की चोर, सारे तिथल्या तिथे थांबतात. मी म्हटले, "अरे, हीच ती आमच्या फौजदाराची चप्पल!" फरक इतकाच की तिकडच्यांचा करार आधी होतो. बहुरूप्याला तो प्रत्येक उंबऱ्यावर, न बोलता, एका पळात करावा लागतो.

आणि तो करार आता मोडत चालला आहे. कायदा तसा समंजस आहे. सरकारी नोकराचा वेष कपटाने घालणे हा गुन्हा. १८६० च्या दंड संहितेत तो १७१ व्या कलमात होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत २०५ व्या कलमात आहे. कपट असेल तर गुन्हा. पण कपट नाही हे दारात उभे राहून पटवायचे कसे? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला जमावाने पाच माणसांना ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. मेले ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून हिंडणारे. ते बहुरूपी नव्हते, त्यांनी कसले सोंगही घेतले नव्हते. अनोळखी होते, एवढेच पुरले. त्या बातमीनंतर कोणता बाप आपल्या मुलाला टोपी घालून परक्याच्या दारात पाठवील?

आमचा फौजदार त्याआधीच यायचा थांबला होता. पाथर्डीच्या रस्त्याकडेची त्याची पालाची जागा आता बांधकामाखाली गेली आहे.

गेल्या दिवाळीत मात्र, वसुबारसेच्या सकाळी, आमच्या फाटकाशी खाकीतला एक पोरगा उभा राहिला. समोरच्या बाईंनी आधीच त्याला हटकले होते. त्याने खिशातून आधार कार्ड काढून दाखवले, आपले नाव-गाव सांगितले, आणि मग तो फौजदार व्हायला गेला. पण नाव सांगून झाल्यावर फौजदार कसा व्हावा? बाईंनी दहाची नोट दिली आणि दार लावून घेतले. पोरगा ती नोट हातात धरून उभा होता. भीक मिळाल्यावर बहुरूप्याचा चेहरा कसा होतो ते मी प्रथमच पाहिले.

तो माझ्या अंगणात आला. कार्ड पुन्हा काढू लागला. मी त्याच्या पायांकडे पाहिले. खाली निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपला होत्या, एक पट्टा तारेने बांधलेला.

मी सदऱ्याच्या गुंड्या लावल्या, हात जोडले आणि म्हटले, "साहेब, मांजरीने दूध प्याल्याची ती फिर्याद अजून मिटली नाही का?"

तो क्षणभर गोंधळला. मग कार्ड खिशात गेले. वजन हळूहळू टाचांवर आले, नजर माझ्या डोक्यावरून भिंतीकडे गेली.

"कशी मिटंल?" तो जाड आवाजात म्हणाला. "आता तर मांजरीला पिल्लं झाल्यात. त्येंचीबी नावं घालावी लागतील." आणि त्याने कानावरची पेन्सिल काढून जिभेला लावली.